पुस्तकातील कोटणीस आणि पडद्यावरील कोटणीस

एखादा ग्रंथ लोकांच्या मनात भरला आणि पुढे त्यावरून चित्रपट निघाला, म्हणजे ‘मुळाची सर ह्यास आली काय?’ हा प्रश्न रसिकांच्या बैठकीत निघाल्यावाचून राहत नाही. आजची तरुण मंडळी जपानी मांगा व त्यांवरून रचलेली ॲनिमे ह्यांच्याविषयी हाच वाद मोठ्या हिरिरीने घालीत असतात. त्यांच्या आजोबांनी तो ‘श्यामची आई’विषयी घातला, पणजोबांनी ‘कुंकू’विषयी घातला. वाद जुना आहे, आणि बहुधा तो एकाच ठिकाणी अडतो. एक पक्ष म्हणतो, अमुक प्रसंग गाळला, तमुक पदरचा घातला. दुसरा म्हणतो, चित्रपट ही निराळी कला आहे, तीस मोकळीक हवी. दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरे बोलतात, आणि म्हणूनच निकाल लागत नाही. आमच्या मते प्रसंगांची मोजदाद हे ह्या वादाचे मर्म नव्हे. मुळातील कोणती गोष्ट गेली असता मूळ हे मूळच राहत नाही, हे प्रथम ठरविले पाहिजे. ती गोष्ट रूपांतरात शिल्लक आहे किंवा नाही, हे मग पाहता येते.

ही कसोटी लावून पाहण्यास सोलापूरकरांच्या दाराशीच एक उदाहरण आहे. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस ह्यांचा जन्म सोलापूर येथे १० ऑक्टोबर १९१० रोजी झाला. त्यांच्या कार्यावर ख्वाजा अहमद अब्बास ह्यांनी १९४४ मध्ये इंग्रजीत एक पुस्तक लिहिले; ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ हे त्याचे नाव, म्हणजे ‘आणि एकजण परत आला नाही’. त्यावरून व्ही. शांताराम ह्यांनी राजकमल कलामंदिरातर्फे ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा हिंदी चित्रपट काढला आणि तो १९४६ मध्ये पडद्यावर आला. कोटणीसांची भूमिका स्वतः शांताराम ह्यांनी केली, त्यांच्या चिनी पत्नीची जयश्री ह्यांनी. संगीत वसंत देसाई ह्यांचे होते. परदेशी प्रेक्षकांसाठी ह्याच चित्रपटाची इंग्रजी आवृत्तीही तयार करण्यात आली. ह्या प्रकरणी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. चित्रपटाची पटकथा अब्बास ह्यांनीच, व्ही. पी. साठे ह्यांच्या साह्याने, लिहिली होती. तेव्हा दिग्दर्शकास पुस्तक समजले नाही, परक्या हाती पडून त्याचा विपर्यास झाला, ही नेहमीची सबब येथे चालत नाही. ज्या लेखणीने पुस्तक लिहिले तिनेच पटकथा लिहिली. म्हणून दोहोंत जे अंतर पडले ते अजाणता पडलेले नाही.

प्रथम पुस्तकाविषयी. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनने वैद्यकीय मदत मागितली, तेव्हा राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे एक पथक धाडले. अलाहाबादचे अटल हे त्याचे प्रमुख. नागपूरचे चोळकर, सोलापूरचे कोटणीस, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी हे इतर चौघे. १ सप्टेंबर १९३८ रोजी ते मुंबईहून बोटीने निघाले. त्या वेळी कोटणीसांस अठ्ठाविसावे वर्ष चालू होते. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते पुढील अभ्यासाच्या तयारीत होते. पथक कँटन, हँको, चुंगकिंग असे मजल दरमजल करीत १९३९ च्या प्रारंभी येनानला पोहोचले. पाचांपैकी एकेक जण पुढे स्वदेशी परतला. बसू सर्वांत शेवटी, १९४३ मध्ये, आले. अब्बास स्वतः पथकाबरोबर गेले नव्हते. परतलेल्या बसूंचे कथन व त्यांच्या टिपणांचा आधार घेऊन त्यांनी हे पुस्तक सिद्ध केले. बसूंची ती दैनंदिनी पुढे ‘कॉल ऑफ येनान’ ह्या नावाने स्वतंत्र ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

अब्बास हे हाडाचे पत्रकार होते आणि पुस्तकात पत्रकाराचे दोषही आहेत. वाक्ये घाईची आहेत, उत्साह कोठे कोठे प्रचाराच्या पातळीवर उतरतो. तथापि ह्या लहानशा पुस्तकास एक मोठा गुण लाभला आहे, आणि तो त्याच्या नावातच दिसतो. ‘आणि एकजण परत आला नाही’ हा एक साधा हिशेब आहे. पाच गेले, चार आले. कोणी न आलेल्यास हुतात्मा म्हणत नाही, कोणी त्याच्या मरणाचा मोबदला मागत नाही. गावी परतलेल्या माणसाने पारावर बसून सांगावे, तितक्या साधेपणाने ते नाव उच्चारले गेले आहे. त्यातील ‘आणि’ हा शब्द विशेष बोलका आहे. त्याच्यामागे उरलेल्या चौघांची सारी हकीकत उभी आहे. कोटणीसांचे मोठेपण ह्या पाचांच्या पंगतीत बसूनच समजते. तेथून त्यांस उठविले, की ते निराळेच गृहस्थ होतात.

चित्रपटाने नेमके हेच केले. ‘एकजण परत आला नाही’ ह्याचे ‘अमर कहानी’ झाले. पाचांच्या पथकाची कथा एका वीराची झाली आणि बाकीचे चौघे मागच्या पडद्यासारखे मागे राहिले. चित्रपटास एक मध्यवर्ती पात्र लागते, हे आम्हांस मान्य आहे. तीन तासांच्या आत पाच जणांस सारखा न्याय देता येणे कठीण. परंतु मध्यवर्ती असणे निराळे आणि एकटे असणे निराळे. नागपूरचे डॉ. चोळकर हे आपल्या महाराष्ट्रातलेच होते आणि पथकातील वडीलधाऱ्यांत मोडत. आज त्यांचे नाव विचारले असता किती मराठी वाचक सांगू शकतील? पुस्तकाने त्यांस आठवणीत ठेवण्याची सोय केली होती. चित्रपटाच्या यशाने ती बुजविली.

ह्याहून गंभीर बाब दुसरी आहे. चित्रपटाच्या मध्यावर प्लेगची साथ आहे. नायक त्या साथीवर उपाय शोधतो, हा त्याचा परमोच्च पराक्रम म्हणून दाखविला आहे. आणि त्याच्या देहनाशाचे मूळही त्याच प्लेगशी जोडले आहे. वास्तविक कोटणीसांच्या चरित्रात प्लेगवरील औषधाचा शोध नाही. त्यांनी जे केले ते असे: बेथ्यून हा कॅनडाचा शस्त्रवैद्य नोव्हेंबर १९३९ मध्ये रक्तदोषाने वारल्यावर, ज्या डोंगराळ मुलखात तो काम करीत असे तेथे कोटणीस गेले. १९४० च्या मोठ्या लढाईत त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले आणि एका वेळी बहात्तर तासांपर्यंत न झोपता शस्त्रक्रिया चालविल्या, असे सांगतात. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यूनच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. ते चिनी भाषा शिकले, तीत विद्यार्थ्यांस शिकवू लागले, आणि शस्त्रक्रियाशास्त्रावर एक पाठ्यपुस्तक पुरे करून दुसरे लिहावयास घेतले. ते दुसरे पुस्तक अर्धे राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला.

येथे नाटककाराची अडचण आम्ही समजू शकतो. अपस्मार हा रंगभूमीस गैरसोयीचा रोग आहे. त्यास कारण नाही, खलनायक नाही, त्यातून कोणाचा जीव वाचत नाही. कर्तव्य करीत असता रोग्यापासून जडलेला प्लेग मात्र कथेस हवा तसा बसतो. त्यात कारण आहे, त्याग आहे, फळ आहे. पुस्तकात जो मृत्यू ‘का?’ ह्या प्रश्नास उत्तर न देता समोर उभा राहतो, त्यास चित्रपटाने उत्तर मिळवून दिले. प्रेक्षकाचे समाधान झाले. पण आमचे म्हणणे असे की, ते उत्तर न मिळणे हाच मूळ कथेचा प्राण होता. ज्या माणसास आपला देह कधी दगा देईल ह्याची शाश्वती नाही, तो रोज सकाळी उठून शस्त्रक्रियेच्या मेजाशी उभा राहतो, दुपारी शिकवितो, रात्री पाठ्यपुस्तकाची पाने लिहितो. त्याच्यापुढे विजयाचा एकही क्षण नाही. पुढच्या जखमीची केवळ रांग आहे. हे धैर्य प्लेगवरील औषधाच्या शोधाहून थोर आहे, आणि अधिक दुर्मिळही आहे. चित्रपटाने थोर वस्तू देऊन चमकदार वस्तू घेतली.

ह्या अदलाबदलीस समाजाच्या दृष्टीनेही एक अर्थ आहे, आणि तो मांडल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. आपल्याकडे अपस्मार हा लपविण्याचा रोग आहे. फेफरे येते म्हणून मुलीचे लग्न मोडते, मुलास शाळेतून काढून घरी बसवितात, कांदा किंवा चामड्याचा जोडा हुंगविण्यापलीकडे उपचार होत नाहीत, आणि घरातील माणसे शेजाऱ्यांपाशी दुसऱ्याच कुठल्या आजाराचे नाव सांगतात. ह्या देशातील लक्षावधी कुटुंबांस पडद्यावर असा एक पुरुष दिसला असता की ज्यास फेफरे येत होते, आणि तरीही जो रुग्णालयाचा प्रमुख होता, गुरू होता, ग्रंथकार होता, पती व पिता होता, तर त्या दर्शनाचे मोल किती झाले असते! शेजाऱ्यांपाशी घरची माणसे जे करतात, तेच चित्रपटाने कोटणीसांच्या बाबतीत केले. त्यांच्या दुखण्यास अधिक प्रतिष्ठित असे मूळ शोधून दिले. हेतू आदराचाच होता, ह्यात संशय नाही. पण तशा आदरात थोडी लाजही मिसळलेली असते.

‘मग कलावंताने मुळात काही बदल करूच नये काय?’ असा प्रश्न येथे कोणी करील. आम्ही तसे म्हणत नाही. महाभारतातील शकुंतला भर सभेत राजास खडे बोल सुनावणारी, आपल्या पुत्राचा हक्क मागणारी स्त्री आहे; तेथे दुर्वासाचा शाप नाही, मुद्रिका नाही, कोळी नाही. हे सारे कालिदासाने घातले. मुळाशी एकनिष्ठ राहणे हीच कसोटी मानली, तर ‘शाकुंतल’ हे जगातील अत्यंत सदोष रूपांतर ठरेल. परंतु कालिदासाच्या बदलाने प्रश्न खोल झाला. प्रेम विसरले जाऊ शकते काय, आणि विसरलेले पुन्हा ओळखता येते काय, ही नवी वेदना त्या मुद्रिकेबरोबर कथेत आली. बदल मान्य करावयाचा की अमान्य, हे त्यावरून ठरवावे. ज्या बदलाने मुळातील प्रश्न अधिक कठीण होतो तो कलावंताचा हक्क. ज्याने तो सोपा होतो तो धंद्याचा तगादा. प्लेगचे प्रकरण दुसऱ्या जातीचे आहे.

‘शाकुंतल’चा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. प्रभात सोडून शांताराम ह्यांनी राजकमल स्थापिले, तेव्हा त्यांचा पहिला चित्रपट १९४३ मधील ‘शकुंतला’ हाच होता, आणि तीत जयश्री ह्याच शकुंतला होत्या. मुंबईच्या स्वस्तिक चित्रगृहात तो १०४ आठवडे चालला. कोटणीसांच्या चित्रपटाचा शेवट पाहताना ह्या गोष्टीची आठवण होते. मरणोन्मुख नायक पत्नीस आपल्या घराची वाट सांगतो. बोट, आगगाडी, सोलापूर, घराचे दार, दारात उभी असलेली आई. मग ती चिनी स्त्री तान्ह्या मुलास घेऊन त्या दाराशी येते. पतीच्या घरी पुत्रासह येणारी आणि ओळखीची वाट पाहणारी ही स्त्री कोण? आम्हांस ती तीन वर्षांपूर्वीचीच शकुंतला वाटते. केवळ वल्कलांच्या जागी चिनी पोशाख आला आहे. दिग्दर्शकाच्या हातास ज्या शिल्पाचे वळण लागले होते, तेच त्याच्या हातून पुन्हा घडले.

हा शेवट हृद्य आहे, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. चित्रपटात सर्वोत्कृष्ट असा भाग तोच. शब्दांनी सांगितलेली वाट डोळ्यांपुढे उलगडत जाते आणि सांगणारा मागेच राहतो, ही कल्पना केवळ चित्रपटासच साध्य होणारी आहे. पुस्तकास ती साधली नसती. ह्या एका स्थळी रूपांतर मुळाच्या पुढे गेले आहे. पण त्याचबरोबर ते मुळाच्या विरुद्धही गेले आहे. कारण त्या दारात सून आणि नातू उभे राहिले, की कोटणीस परत आले! पुस्तकाचे नावच त्या क्षणी खोटे पडते. वस्तुस्थिती अशी की ग्वो छिंगलान, ज्यांच्याशी कोटणीसांनी १९४१ मध्ये विवाह केला त्या परिचारिका, चीनमध्येच राहिल्या. ऑगस्ट १९४२ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव यिन्हुआ ठेवले होते. ‘यिन’ म्हणजे हिंदुस्थान, ‘हुआ’ म्हणजे चीन. तो मुलगा तेथेच वाढला, वैद्यकाचा अभ्यास करू लागला, आणि १९६७ मध्ये ऐन तारुण्यात वारला. छिंगलानबाई पुढे अनेकदा भारतात येऊन सासरच्या माणसांस भेटून गेल्या, परंतु त्यांचे घर चीनमध्येच राहिले. २०१२ मध्ये त्या निवर्तल्या. १९४६ मध्ये चित्रपटकर्त्यांस हे पुढचे भविष्य ठाऊक नव्हते, तेव्हा त्याचा दोष त्यांस देता येत नाही. परंतु त्या वेळीही सोलापूरच्या दारात कोणी आले नव्हते, हे त्यांस ठाऊक होते. रिकाम्या दाराचे चित्र काढण्याचे धैर्य त्यांनी दाखविले नाही.

धैर्य नव्हते असे म्हणावे, तर ते ह्याच दिग्दर्शकाने पूर्वी दाखविले होते. ना. ह. आपटे ह्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ ह्या कादंबरीवरून त्यांनी १९३७ मध्ये ‘कुंकू’ काढला. तेथेही मूळ लेखकाचा पटकथेत हात होता. त्या चित्रपटात पार्श्वसंगीताचा मोह टाळला आहे. प्रसंगात स्वाभाविकपणे उमटणारे ध्वनी तेवढे ऐकू येतात. भिंतीवरचे घड्याळ टोल देते आणि म्हाताऱ्या नवऱ्याचे वय बोलते. न पटणारी गोष्ट पटेल अशी करून देण्याची धडपड तेथे नाही. तरुण नीरा आपले म्हणणे सोडीत नाही, आणि प्रेक्षकास अवघडून बसावे लागते. नऊ वर्षांनी हाच दिग्दर्शक प्रेक्षकास अवघडू द्यावयास तयार नाही. प्रत्येक दुःखापाठोपाठ एक सांत्वन येते. ‘कुंकू’च्या शेजारी ठेवून पाहिले म्हणजे कोटणीसांवरील चित्रपटात काय हरवले ते अधिक स्पष्ट दिसते.

अभिनयाविषयी थोडक्यात. शांताराम ह्यांचे वय तेव्हा पंचेचाळीस होते. वयाचा आक्षेप आम्ही घेत नाही. रंगभूमीवर साठीचे नटही तरुण होतात. परंतु कोटणीस गेले ते नुकतेच परीक्षा उतरलेले, अजून काही सिद्ध न झालेले डॉक्टर म्हणून. त्यांचे घडणे चीनमध्ये झाले. पडद्यावरील नायक पहिल्या प्रवेशापासूनच पुतळ्याप्रमाणे घडून तयार आहे. त्याचा आवाज, मान उचलण्याची लकब, दूर क्षितिजाकडे लागलेली दृष्टी, सर्वांतून आपण इतिहासात जाणार ही जाणीव उमटते. खऱ्या कोटणीसांस ती जाणीव असण्याचे कारण नव्हते. त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी चीनमध्ये आपापल्या नावांच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडून घेतले. आपले नाव दुसऱ्या देशाच्या नावात मिसळून टाकणारी ही माणसे. त्यांच्यापैकी एकाचे नाव ठळक अक्षरांत निराळे काढून टांगावे, ह्यात एक विसंगती आहे.

न्यायाच्या दृष्टीने चित्रपटाच्या बाजूचेही सांगितले पाहिजे. इंग्रजी पुस्तक किती हातांत पडले असेल? चित्रपट हिंदीत होता. ज्यांस अक्षरओळख नव्हती त्यांनीही तो पाहिला. सोलापूरच्या गिरणगावातील माणसास आपल्याच शहरातील एक तरुण चीनच्या डोंगरांत काय करून गेला, हे त्या पडद्यानेच प्रथम सांगितले असल्यास नवल नाही. भैया चौकातील कोटणीसांच्या जन्मघराचे महानगरपालिकेने स्मारक केले आहे. चीनचे नेते भारतात आले असता कोटणीस कुटुंबीयांस आवर्जून भेटत आले. ह्या स्मृतीस जागते ठेवण्यात चित्रपटाचा वाटा मोठा आहे. ‘अमर’ हा शब्द त्याने नुसता मथळ्यात वापरला नाही, काही अंशी खराही करून दाखविला. युद्धकाळात कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण असता, राष्ट्रीय सभेने धाडलेल्या डॉक्टराची कथा पडद्यावर आणणे हे सामान्य काम नव्हते, हेही विसरता कामा नये.

तेव्हा आमचा निर्णय असा की, ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा स्मारक म्हणून यशस्वी आणि रूपांतर म्हणून उणा असा चित्रपट आहे. त्याने नाव राखले, माणूस बदलला. स्मारकाचे काम नाव राखण्याचे असते आणि तेवढ्यावर पुष्कळांचे भागते. परंतु ज्या शहराने हा माणूस दिला त्या शहराचे तेवढ्यावर भागू नये. सोलापुरातील वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींस प्लेग जिंकणाऱ्या नायकापासून फारसे शिकण्याजोगे नाही. तसा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच येईल. ज्यास स्वतःच्या देहाचा भरवसा नव्हता आणि तरीही ज्याने दुसरे पाठ्यपुस्तक हाती घेतले, त्या डॉक्टराची गाठ मात्र त्यांस उपयोगाची आहे. अशांपैकी कोणास स्वतःस फेफरे येत असेल, तर ती अधिकच उपयोगाची.

म्हणून आमची सूचना साधी आहे. दर वर्षी १० ऑक्टोबरला किंवा ९ डिसेंबरला शहरात हा चित्रपट जेथे दाखविला जाईल, तेथे तो अवश्य दाखवावा. वसंत देसाईंचे संगीत आणि शेवटची ती सोलापूरची वाट आजही पाहण्याऐकण्याजोगी आहे. पण दिवे लागल्यावर प्रेक्षकांस लगेच घरी जाऊ देऊ नये. कोणीतरी उठून अब्बासांच्या पुस्तकातील चार पाने मराठीत समजावून सांगावी, अटल, चोळकर, बसू, मुखर्जी ही चार नावे घ्यावी, आणि कोटणीस कोणत्या आजाराने वारले ते त्या आजाराच्या खऱ्या नावानिशी सांगावे.